पऱ्हाटीची राख, खाणीचं पाणी

धम्मशीला मोताळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि घरी सासूची बोलणी खायची. तीही राखेपायी. गल्लीच्या टोकाला सरकीच्या तेलाची गिरणी होती. तिच्या बॉयलरमध्ये पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जळत आणि वारा सुटला की सगळी राख सासूबाईंच्या, पंचफुलाबाईंच्या, वाळवणावर येऊन बसे.

"तुह्या त्या शास्त्रात याच्यावर काही इलाज नाही काय वं?" त्या विचारायच्या.

धम्मशीलाचा नवरा चंद्रशेखर वणीकडच्या एका कोळसा खाणीत पंप सांभाळायचा. सुटीवर आला की त्याचं एकच रडगाणं. खाणीत साचणारं पाणी आंबट, तेजाबासारखं. पंपाची पाती खाऊन टाकतं, नाल्यात सोडायची सोय नाही.

"पुढच्या खेपेले मले ते पाणी घेऊन या," एकदा धम्मशीला म्हणाली.

त्यानं खरंच आणलं. एसटीत कॅन मांडीवर घेऊन बसला. कंडक्टर हरिओम त्याच्या ओळखीचा. त्यानं वाकून पाहिलं. "काय हाय बे ह्याच्यात?"

"खाणीचं पाणी. बायकोसाठी."

"लोक बायकोले साडी नेतात, अन् तू गढूळ पाणी नेऊन राह्यला!" अख्खी गाडी हसली. चंद्रशेखरही हसला.

इकडे धम्मशीलानं गिरणीमालक भगवानरावांकडून राख आणून ठेवली होती. पऱ्हाटीची राख खारी असते, आम्लाला मारते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. अंगणात हातमोजे घालून तिनं कॅनमधलं अर्धं पाणी बादलीत ओतून त्यात हात सैल सोडून राख टाकली. लिटमसचा लाल कागद पटकन निळा झाला. पाणी हातमोज्यांतूनही बुळबुळीत लागायला लागलं.

"हे तं साबणाचं पाणी झालं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "भाजीत मीठ टाकतो तशी टाक न. चिमटी चिमटीनं."

उरलेलं पाणी ओतलेल्या दुसऱ्या बादलीला जुनी रवी घेऊन त्या स्वतःच ढवळायला बसल्या. सून राख टाकी, सासू ढवळे. हळूहळू पाणी गढुळलं, मग तांबूस गाळ खाली बसला आणि वर नितळ पाणी उरलं. चंद्रशेखर बघतच राहिला.

धम्मशीलाला मात्र नुसत्या नितळपणावर विश्वास ठेवायचा नव्हता. तिनं अमरावतीच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला. लोह गेलं होतं, मँगेनीज उरलं होतं. दोन दिवस ती वहीत आकडेमोड करत बसली. मग राख जराशी वाढवून, पाणी जास्त वेळ निवळू देऊन तिनं पुन्हा नमुना पाठवला. या वेळी मँगेनीजही गेलं होतं. अहवाल वाचून ती अंगणातच उड्या मारायला लागली.

खाणीच्या व्यवस्थापकांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि एका टाकीवर करून बघायला परवानगी दिली. दिवाळीच्या सुटीत सासू-सून दोघी तिकडे गेल्या, मागून राखेचा ट्रक. टाकीतलं पाणी निवळलं, गाळ वेगळ्या पक्क्या खड्ड्यात गेला. वरचं पाणी पिण्याचं नव्हतं, पण खाणीतल्या रस्त्यांवर धूळ बसवायला अगदी चालण्यासारखं होतं. दुपारी टँकर पहिल्यांदा ते शिंपडत निघाला तेव्हा धम्मशीला त्याच्या मागे बरंच अंतर चालत गेली.

परत आली तर पंचफुलाबाई डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून व्यवस्थापकांना बजावत होत्या, "ढवळणारा माणूस घाईचा ठेवू नका साहेब. निवांत हाताचा पायजे."

साहेब मान डोलावत होते आणि चंद्रशेखर दोघांचा फोटो काढत होता.