एप्रिलमधला हीटर

शेषराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिडकीनला घरासमोर गाडी पुसत होतो. पलीकडून त्यांच्या पत्नी, कौसावहिनी. "तुमचे मिस्त्री गेले हो भाऊ…" एवढंच बोलल्या. मला अर्थच लागेना. वीस दिवसांपूर्वी ते याच गाडीत माझ्या शेजारी बसले होते.

मेंढपाळाच्या घरातला हा माणूस कळपामागं न जाता इंजिनात रमला. चितेगावजवळ त्यांचं गॅरेज होतं. बारा वर्षांपूर्वी वाळूजला कामावर जाताना माझी गाडी रोज तापायची. दोन गॅरेजवाल्यांनी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर बदलला, तरी तापमानाचा काटा वरच. शेषरावांनी बॉनेट उघडलंच नाही. आत बसले, काटा चढू दिला अन् हीटर लावला. हवा थंडगार! "इंजिन एवढं तापलंय अन् हीटर थंड? पाणी हाय भाऊ, पण फिरंना." इंजिन निवल्यावर त्यांनी पाण्याचा पंप खोलला. बाहेरून ठणठणीत, आतली पाती मात्र गंजून झिजलेली. "बोअरचं पाणी घालत व्हता ना? कूलंट घालत जावा." नवा पंप बसवला, नळ्यांत अडकलेली हवा काढली आणि माझा हात हीटरच्या झोतासमोर धरला. "गरम लागतंय? मग बिनघोर जा." तेव्हापासून दर उन्हाळ्याआधी ते हीटर लावून गाडी तपासायचे. अर्ध्या मिनिटाचं काम.

या एप्रिलमध्ये सहज गेलो, तर चेहरा उतरलेला. विचारलं, तर म्हणाले, "झोप नाय लागत." मग स्वतःच गाडीत बसले. "चला, चक्कर मारू. हीटर लावा." बाहेर ऊन रणरणत होतं. मला वाटलं, नेहमीची तपासणी. पण बिडकीनपर्यंत जाऊन परत आलो तरी ते हीटर बंद करू देईनात. मी घामानं भिजलो, काच खाली घेतली. "काच लावा." मी हसलो. "शेषराव, गाडी तपासताय का मला भाजताय?" ते डोळे मिटून, दोन्ही तळवे झोतासमोर धरून बसले होते. "गाडी बरी हाय," म्हणाले.

दहाव्यानंतर भेटायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "किडन्या गेल्या व्हत्या. उन्हातबी गोधडी घ्यायचे, मला वाटलं हिवताप. दवाखान्याची फाइल आता गॅरेजात सापडली."

"मला का नाही सांगितलं?"

"मला तरी कुठं सांगितलं?"

गाडीचा बारीकसा आवाजही मी लपवला तर रागावणारा हा माणूस… त्यांना भीती वाटली, की कुणाला त्रास नको असं वाटलं? की त्या दिवशी सांगायलाच गाडीत बसले आणि मी हसलो? काही कळत नाही. मी निघायला उठलो, तर वहिनी म्हणाल्या, "तुमच्यासंगं चक्कर मारून आले ना, त्या दिवशी लई दिवसांनी पोटभर जेवले. म्हणले, आज अंगात ऊब आली."