बारावी टाइल

ज्योतीरामभाऊ वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून तुम्हाला ते तसे वाटतील. मलाही वाटले होते, आणि तेव्हा आरशात बघायचं मी सोयीस्करपणे विसरले होते.

मोशीकडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजला लष्करासाठी संशोधन करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेनं काम दिलं होतं. बुलेटप्रूफ जाकिटात बसवायच्या टाइल्स करायच्या, वजनाला हलक्या आणि गोळी अडवणाऱ्या. त्या जमल्या तर महाळुंग्याची एक कंपनी त्या हजारोंनी बनवणार होती. करार झाला त्या दिवशी फाटकावर भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर संस्थाचालकांपासून त्यांच्या जावयापर्यंत सगळे हसत होते, टाइल करणारे दोघे मात्र कुठेच नव्हते.

त्यातली एक वर्षाली, पीएचडी करणारी. लातूरकडची पोर, वडील चाकणला वेल्डर. प्रकल्प चालला तरच तिची पीएचडी पुरी होणार होती. दुसरे ज्योतीरामभाऊ, प्रयोगशाळेतले मदतनीस. पिंपरीतली कंपनी बंद पडल्यावर ते आमच्याकडे आले आणि एकोणीस वर्षं कंत्राटावरच राहिले. दर अकरा महिन्यांनी नवं पत्र यायचं, आणि दर वेळी आठवडाभर त्यांना जेवण जायचं नाही. यंदा त्यांना कायम करायचं घाटत होतं. मी पद्मा, या प्रकल्पाची कारकून. कागद माझे, टाइल्स त्यांच्या.

टाइल करायची पद्धत सोपी दिसते. पांढरी भुकटी बारीक चाळायची, साच्यात भरायची, प्रेसखाली दाबायची, मग भट्टीत भाजायची. चाळायचं काम वर्षाली कुणाला करू देत नसे. भाऊ शेजारी स्टुलावर बसून म्हणायचे, “आगं, आता पिठाच्या गिरणीत लाव तिला, हाताला फोड येतील!” ती हसायची आणि पुन्हा चाळायची.

बारापैकी अकरा टाइल्स झाल्या आणि खंडेनवमी आली. वर्षालीनं सकाळीच भुकटी चाळून बाराव्या टाइलचा साचा भरला आणि प्रेसकडे निघाली. भाऊंनी तिला आडवा हात केला.

“आज मशीनला हात लावायचा न्हाई. वर्षातून एक दिस इसावा असतोय त्येला.”

“मामा, पाच मिनिटांचं काम आहे.”

“पाच मिन्टाचं बी न्हाई.”

ती फणकारली, पण ऐकलं तिनं. साचा प्लास्टिकनं झाकला. भाऊंनी प्रेस पुसून लख्ख केली, हार घातला, नारळ फोडला. आम्हा सगळ्यांच्या हातावर कुंकवात कालवलेल्या अक्षता ठेवल्या. मग त्यांनी पुढे होऊन साच्यावरचं प्लास्टिक काढलं. त्यांचा पुतण्या दिग्विजय फौजेत आहे. “पोरांच्या छातीवर बसणार हाय ही टाइल,” ते म्हणाले, “हिला बी आशीर्वाद पायजे.” आम्ही सगळ्यांनी अक्षता टाकल्या, वर्षालीनंही टाकल्या. मी तर चांगली चिमूटभर टाकली.

सगळे पेढे खायला गेल्यावर भाऊंनी चिमट्यानं एकेक लाल दाणा भुकटीतून वेचून काढला, वर पट्टी फिरवून सारखं केलं आणि प्लास्टिक पुन्हा झाकलं. दसऱ्याची सुट्टी झाल्यावर वर्षालीनं तो साचा दाबला.

जानेवारीत गोळीबाराची चाचणी झाली. अकरा टाइल्सनी गोळी अडवली. बारावीतून गोळी आरपार गेली आणि मागच्या मातीच्या ठोकळ्यात वीतभर खोल घुसली. जाकीट घातलं की त्या मातीच्या जागी छाती असते. बारापैकी एक फुटली की सगळा लॉट बाद, असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे.

फुटलेले तुकडे दप्तरी लावायला माझ्या टेबलावर आले. एका तुकड्यात मधोमध पोकळी होती. लांबुडकी, एका टोकाला निमुळती. मी आयुष्यभर तांदूळ निवडले आहेत. दाणा भट्टीत जळून गेला होता, त्याचा आकार तेवढा राहिला होता. भाऊ माझ्या मागे उभे होते. ते खुर्चीवर बसले.

“एक ऱ्हायला, ताई,” ते म्हणाले. “उद्या समितीत सांगतो.”

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली. टिपण घ्यायला मी होते. मधुसूदन सर या प्रकल्पाचे प्रमुख. ते म्हणाले, भुकटी नीट चाळली नसेल, गुठळी राहिली असेल. वर्षालीचा चेहरा लाल झाला.

“सर, मी दोनदा चाळली. मामा शेजारी बसले होते, त्यांना विचारा ना.”

सरांनी भाऊंना विचारलं. भाऊंनी टेबलाकडे बघितलं. त्यांच्या कायम नेमणुकीची फाइल त्याच आठवड्यात सरांच्या सहीला गेली होती, हे त्या खोलीत सरांना, भाऊंना आणि मला ठाऊक होतं.

“माझं ध्यान नव्हतं, सर,” ते म्हणाले.

मी ते वाक्य टाइप केलं. पूर्णविरामसुद्धा दिला.

कंपनीनं अंग काढून घेतलं, प्रकल्प गुंडाळला, वर्षालीची पीएचडी अर्धवट राहिली. जाताना ती मला भेटलीसुद्धा नाही. जूनमध्ये भाऊ कायम झाले. त्यांनी पेढे वाटले. मी घेतला आणि खाल्लाही. काय सांगू, गोडच लागला.

जुलैत एका रविवारी भाऊ महाळुंग्याला गेले. वर्षाली तिथे एका कारखान्यात तपासणीला लागली होती. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बारा-बारा तास दिव्याखाली धरायचे आणि तडा शोधायचा. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच ते गेले होते. तिनं त्यांना खोलीवर नेलं, चहा केला, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

“मामा, मला माफ करा. त्या दिवशी तुमचं नाव मी उगाच मधे ओढलं. आता मलाच आठवत नाही, मी खरंच दोनदा चाळली होती की नाही. माझीच चूक असणार. आता मी प्रत्येक पार्ट तीनदा बघते. तरी रूमवर आल्यावर वाटत राहतं, एखादा सुटला असेल.”

भाऊ चहा प्यायले आणि परत आले.

सोमवारी त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. “अहो, त्या पोरीचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला आणि तुम्ही चहा पिऊन आलात? तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते!”

“सांगा,” ते म्हणाले. “तुमचं बी खरं हाय. फकस्त एक वरीस थांबा, ताई. कायम झालो तरी पयलं वरीस परीक्षेचा काळ असतोय, कवाबी काढत्यात; तेवढा सरू द्या.”

आणि मी थांबले. मला काय नडलं होतं थांबायला? माझी नोकरी तर कधीचीच कायम होती. पण ते टिपण माझं होतं. ते खोटं आहे हे माहीत असून मी टाइप केलं, हे तिला कळलं असतं.

ते वर्ष परवा संपलं. मी सकाळपासून वाट बघितली. भाऊ आले, प्रेस पुसली, माझ्याकडे न बघता डबा खाल्ला आणि साडेपाचला घरी गेले.

म्हणून हे लिहिलं. वर्षाली, तू चाळली होतीस. दोनदा. मीही बघितलं होतं.