चुना मास्तर आणि माझा उजवा गुडघा

चुना मास्तरांनी मला ती उडी मारायला सांगितली नव्हती. सोळाव्या वर्षी, चेअरमनसाहेबांच्या टेबलासमोर उभा राहून, मी नेमकं याच्या उलट बोललो आणि माझ्या त्या एका वाक्याने त्यांचं मैदान सुटलं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी मास्तरांचं कौतुक करत जाईन आणि वाचणाऱ्याला वाटेल, किती कृतज्ञ विद्यार्थी आहे हा.

मास्तरांची उंची पाच फूट दोन इंच. बास्केटबॉलच्या रिंगखाली उभं राहून त्यांनी हात वर केला, तरी जाळीचं टोक चांगलं हातभर वर राहायचं. आणि हा माणूस आम्हाला रिंगला हात लावायला शिकवायचा. ते स्वतः कधी खेळले नव्हते. मिलिटरीत लंगरात होते. पलटणीच्या टीमला जेवण वाढायचं आणि उरलेल्या वेळात त्यांचा सराव बघायचा, एवढंच त्यांचं शिक्षण. नवा पोरगा त्यांच्या उंचीकडे बघून हसला की ते म्हणायचे, "मी खेळलो न्हाई, पण खेळणाऱ्यांना अठरा वर्षं वाढलंय. कुणाचे पाय काय खात्यात, ते मला ठावं हाय."

पेन्शनीत आल्यावर ते आमच्या सहकारी साखर कारखान्यावर गाडीतळावर लागले. उसाच्या बैलगाड्या तिथे रांगेत उभ्या राहायच्या, आणि मास्तर नंबराच्या चिठ्ठ्या द्यायचे. पण त्यांचं लक्ष बैलांच्या पायांकडे असायचं. कुठला बैल मागचा पाय राखून टाकतो, कुणाच्या गुडघ्यात पाणी झालंय, ते गाडीवानाच्या आधी त्यांना कळायचं. ड्यूटी संपली की कारखान्याच्या शाळेत यायचे आणि त्याच नजरेने आमचे गुडघे बघायचे. आम्हाला ते थोडं अपमानाचं वाटायचं. माझा मित्र बाळू एकदा म्हणालाही, "मास्तर, आमी काय बैल हाव का?"

"बैल असतास तर बरं झालं असतं बे," मास्तर म्हणाले. "बैल सांगितलेलं ऐकतो."

चुना मास्तर हे नाव पडलं शाळेच्या मागच्या भिंतीमुळे. डब्यात कालवलेला चुना असायचा. त्यात बोटं बुडवायची, भिंतीला लागून सरळ उभं राहून हात पोचेल तिथे एक ठिपका द्यायचा. मग उडी मारून दुसरा. दोन ठिपक्यांमधलं अंतर मास्तर स्वतःच्या बोटांनी मोजायचे, स्टुलावर चढून. "तुझी उडी सव्वीस बोटं." टेप होती त्यांच्याकडे, पण ते म्हणायचे, इंच फुटपट्टीत राहतो, बोट ध्यानात राहतं. भिंतीवर आमची नावं आणि पांढरे ठिपके असे दाटले होते, की जाणारे-येणारे थांबून बघायचे.

उडी शिकवायच्या आधी त्यांनी आम्हाला दोन महिने नुसतं उतरायला शिकवलं. गुडघाभर उंच ओट्यावर उभं राहायचं, खाली उतरायचं, आणि पाय वाजू द्यायचा नाही. मास्तर आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि कानाने ओळखायचे. "डावा आला, उजवा मागून आला. पुन्ना." बाळू दणकन उतरायचा. "बाळ्या, तू उतरतो का ट्रकमधून मोळी टाकतो बे?" सगळे हसायचे. पण दोन महिन्यांनी आठ पोरं एकदम ओट्यावरून उतरली आणि आवाज आला तो फक्त चड्ड्यांच्या फडफडीचा. मास्तर वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "आता उडा."

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. ऊस नाही म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, गाडीतळ रिकामा पडला. शाळेच्या मैदानावर जनावरांची छावणी उभी राहिली आणि आमच्या बास्केटबॉलच्या सिमेंटच्या कोर्टावर कडब्याची गंज लागली. रिंग कडब्यातून कशीबशी डोकं काढून होती. आम्हाला वाटलं, संपलं सगळं. मास्तरांना छावणीत चारावाटपाचं काम मिळालं होतं; ते उरकून ते आम्हाला कारखान्यामागच्या जुन्या बारवेवर घेऊन गेले. बारव कोरडी ठाक. दगडी पायऱ्या, मध्ये टप्पे, तळाला वाळलेला गाळ.

"पाणी गेलं तर गेलं," मास्तर म्हणाले, "पायऱ्या तर हायत्या."

त्या पायऱ्यांनी आम्हाला जे पाय दिले, ते कोर्टाने दिले नव्हते. नियम एकच होता: चढताना उड्या मारत चढायचं, उतरताना चालत उतरायचं. वरून खाली उडी कुणीही मारायची नाही. "चढताना पाय काम करतो. उतरताना मार खातो." साखरेच्या रिकाम्या पोत्यांच्या त्यांनी लहान पिशव्या शिवून घेतल्या होत्या, वाळू भरलेल्या. अडीच किलोची पिशवी महिनाभर नीट पेलली की पाचाची. दहाच्या वर कुणालाच नाही. सराव झाला की भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा. आणि अमावस्येला पूर्ण सुट्टी. आमच्याकडे अमावस्येला औताला बैल जुंपत नाहीत. मास्तर म्हणायचे, "बैलाला सुट्टी आन् तुमाला कावून न्हाई? पाय कामात वाढत न्हाई, आरामात वाढतो." दुसऱ्या दिवशी, पाय ताजे असताना, भिंतीवर माप.

विभागीय स्पर्धा जवळ आली होती. चेअरमनसाहेबांनी मास्तरांना सरावाची परवानगी दिली होती, ती या स्पर्धेच्या भरवशावर. अमावस्येनंतरच्या मापावरून पहिले पाच ठरतील, असं मी माझ्या मनाने धरून चाललो होतो. बाळूचा ठिपका माझ्या ठिपक्याच्या दोन बोटं वर होता. ती दोन बोटं मला जेवू देत नव्हती.

म्हणून अमावस्येच्या दुपारी मी एकटाच बारवेवर गेलो. साखरेच्या पोत्यात नाल्यातली वीसेक किलो वाळू भरली, ते खांद्यावर घेतलं. चढताना उड्या मारल्या. मग वाटलं, मास्तर घाबरट आहेत. खाली उडी मारली तर पाय दुप्पट तयार होतील. पाच पायऱ्यांवरून मी पोत्यासकट खालच्या टप्प्यावर उडी टाकली. पाय वाजला, आणि त्या आवाजात आणखी एक आवाज होता, जो माझ्या उजव्या गुडघ्यातून आला.

लंगडत घरी पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता. वडील बॉयलरवर कामाला, रागाला फार वाईट. त्यांनी विचारलं, "अमुशाच्या दिवशी बारवंत कावून गेलतास?"

मला मार चुकवायचा होता, आणि बाळूचं हसणंही. मी म्हणालो, "मास्तरांनी सांगितलतं."

एवढ्यावर ते थांबेल असं मला वाटलं होतं. वडील तसेच उठून चेअरमनसाहेबांकडे गेले. दोन दिवसांनी मला सायकलवर बसवून कारखान्याच्या ऑफिसात नेलं. दोन संचालक होते, आमचे हेडमास्तर होते. मास्तर दाराजवळ उभे होते, छावणीतला कडब्याचा भुसा अंगावर तसाच.

"पोतं घेऊन खाली उडी मारायला कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

मी मास्तरांकडे न बघता म्हणालो, "मास्तरांनी."

मास्तर पहिल्यांदा माझ्याशीच बोलले. "सूज उतरली का रे?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

मग ते साहेबांकडे वळले. "पोरगं म्हणतंय तसं असंल, साहेब. पोरं माझ्या हवाली होती." बस. मी एकटा गेलो होतो, अमावस्या होती, नियम काय होता, यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. ते नुसतं म्हणाले असते, बाकीच्या पोरांना विचारा, तर मी उघडा पडलो असतो. ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवसापासून त्यांना शाळेत यायला मनाई झाली. टीम खेळाच्या सरांबरोबर स्पर्धेला गेली आणि दुसरी आली. मी घरी खाटेवर. पोरं कप घेऊन आधी छावणीत गेली, असं बाळूने सांगितलं. मास्तरांनी कपावरून हात फिरवला आणि विचारलं, "उतरताना कुणाचे पाय वाजले?" पुढच्या वर्षी ते नोकरी सोडून नांदूरघाटाकडच्या आपल्या गावी निघून गेले. मी त्यांना पोचवायला गेलो नाही.

मी शिकलो, पाटबंधारे खात्यात लागलो. गुडघा बरा झाला, पण कुठेही पायरी उतरताना उजवा पाय थोडा वाजतो. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, मला येतो. माझी मुलगी बास्केटबॉल खेळायला लागली, तेव्हा मी तिला दोन महिने घराच्या ओट्यावरून नुसतं उतरायला लावलं. तिच्या कोचने विचारलं, एवढं हलकं उतरायला हिला कुणी शिकवलं? मुलीने मला विचारलं. मी म्हणालो, "आमच्या कारखान्यावर एक मास्तर होते." पुढचं सांगितलं नाही. अशी अर्धी वाक्यं मी पुष्कळ वर्षं बोललो.

गेल्या वर्षी बाळूचा फोन आला. तो आता मास्तरांच्याच गावच्या शाळेत हेडमास्तर आहे.

"शाळेला रिंग मिळालीय," तो म्हणाला. "मास्तर रोज येऊन कट्ट्यावर बसत्यात. पोरींना शिकवायचं म्हणत्यात. पण गावाला जुनी गोष्ट ठावं हाय. पालक पोरी द्यायला तयार न्हाईत. पालकसभा ठेवलीय. तू ये. तुझा गुडघा नीट हाय, एवढं दाखवलं तरी बास."

त्यालाही खरं माहीत नव्हतं; मास्तरांनी मला एकट्याला वेगळं काही सांगितलं असेल, असं तो धरून चालला होता. एवढ्या वर्षांत मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

शाळेच्या कट्ट्याच्या पायऱ्या उतरून मी खाली अंगणात आलो. कडुनिंबाखाली खुर्चीत एक म्हातारा पाठमोरा बसला होता. ऐंशीच्या पुढचा, मान न वळवता म्हणाला, "उजवा वाजतोय आजून."

मी समोर जाऊन पाया पडलो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूची साय होती. त्यांचा हात माझ्या डोक्यावर न थांबता खाली आला, गुडघ्यापाशी. वाटीभोवती त्यांनी अंगठा फिरवला, गाडीतळावर बैलाला बघायचे तसा. "जिना टाळतोस का?"

"न्हाई, मास्तर."

"टाळू नको. चढायचं. उतरताना सावकाश."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. पण ते एकट्याला सांगून मोकळं होणं म्हणजे पुन्हा अर्धं वाक्य झालं असतं. मी खोटं चारचौघांत बोललो होतो.

सभा भरली. सतरंजीवर पालक, मागे पोरी. बाळूने प्रस्तावना केली, तेवढ्यात एक पागोटेवाले गृहस्थ उठले. "गुरुजी, राग धरू नका. त्या म्हाताऱ्यानं कारखान्यावर एका पोराचा गुडघा मोडलता म्हणत्यात. आमी पोरी कावून द्यायच्या?"

मास्तर कडेच्या खुर्चीत शांत बसून होते. यावेळीही ते काही बोलणार नव्हते. मी उठलो. म्हणालो, "तो पोरगा मी." बाळू माझ्याकडे बघत राहिला. मग अमावस्या, नाल्यातली वाळू, पाच पायऱ्या, वडिलांचा प्रश्न, चेअरमनसाहेबांची खोली, सगळं जसं झालं तसं सांगितलं. शेवटी मास्तरांसमोर जाऊन उभा राहिलो. पण जे बोललो ते इतकं हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही.

मागून एक आजीबाई ओरडल्या, "मोठ्यानं बोल की रं बाबा! हिकडं ऐकू येत न्हाई."

म्हणून मी हात जोडले आणि पुन्हा, शेवटच्या पोरीपर्यंत पोचेल असं म्हणालो, "मास्तर, तुमी मला ती उडी मारायला सांगितली नव्हती. मी खोटं बोललो. मला माफ करा."