पाच नंबरचा वाफा

मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. आंदर मावळातून दर रविवारी त्या आमच्या लोणावळ्याच्या सोसायटीत भाजी आणायच्या. बारा घरांनी हंगामाआधीच पैसे भरायचे आणि पिकेल ते वाटून घ्यायचं, असं ठरलं होतं. घरातली पहिली पदवीधर मी; बाराही घरांना हे मीच समजावलं होतं. आपल्याला ओळखीच्या शेतातली ताजी भाजी, मावशींना पेरण्याआधीच गिऱ्हाईक.

मावशी आम्हाला घराच्या नंबरानं ओळखायच्या. “पाच नंबरला कारलं न्हाई चालत, लय नाजूक जीभ!” असं म्हणून मलाच हसायच्या. शेतातही प्रत्येक नंबराचा वेगळा वाफा होता.

या हंगामात अकरा घरं गळाली. पालकाच्या पानांना भोकं असतात, असं त्यांचं म्हणणं.

माझी बदली झाली, तेव्हा सांगायला मी शेतावर गेले. अकरा वाफ्यांतली मेथी न खुडता फुलावर आली होती.

“मावशी, बाजारात तरी न्यायची.”

“त्यांच्या वाट्याची हाय ती. परत आले म्हंजे?”

त्यांनी माझ्या वाफ्यातली जुडी बांधून हातात दिली. मग मी बदलीचं सांगितलं. वाकून त्यांनी पाटाचं पाणी पाच नंबरच्या वाफ्यात सोडलं.