दत्ताचं थांबणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता ते पोटात ठेवायचं नाही, हे ठरलंय.

मी मंचरला गिटार शिकवतो. ब्लूज या अमेरिकन संगीतातला सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवायचा तुकडा, कंटाळवाणा का होतो, हे पोरांना अगदी झोकात सांगतो. तेच पाच सूर खालीवर पळवू नका. एक ओळ वाजवा, थांबा — मग तिला उत्तर द्या. पोरं विचारतात, सर, हे कुठं शिकलात? मी त्यांना पुढची ओळ वाजवायला लावतो.

अवसरीला इंजिनिअरिंगला असताना कळंबचा दत्ता माझ्या वर्गात होता. गिटार धरायला त्याला मीच शिकवलं. त्याच्या घरात भजन. वडील ओळ म्हणून थांबायचे आणि टाळकरी ती उचलायचे — लहानपणापासून त्याच्या कानावर तेच. त्यामुळे सोलोतही तो ओळ वाजवून थांबायचा, समोरून कुणीतरी ती उचलणार असल्यासारखा. अंगावर काटा यायचा. आणि माझं वाजवणं? नुसती धावपळ.

मी जळलो. दुसरा शब्द नाही त्याला. गॅदरिंगच्या आधी त्याला म्हणालो, "आरं, हे ब्लूज हाय, भजन न्हाई. असा थांबलास तर लोकांना वाटंल, इसरला. बोटं पळव, मोकळी जागा ठेवूच नको."

"तुला लई कळतं राव," तो म्हणाला. "तू म्हणतो तसं."

बोटांची सालं निघेपर्यंत त्यानं वेग वाढवला. स्टेजवर धावत सुटला, अडखळला, पोरांनी हुर्यो उडवली. त्याच्यानंतर मी चढलो — आणि त्याच्यासारखं थांबत थांबत वाजवलं. टाळ्या थांबेनात. खाली उतरल्यावर पहिली मिठी कुणी मारली असेल? दत्तानंच. "आपल्याला न्हाई जमायचं हे," म्हणाला, आणि खरंच त्यानं पुन्हा गिटार हातात घेतली नाही.

चुकून सांगितलं होतं का मी? नाही. जाणूनबुजून. तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे.

रविवारी कळंबला जाणार आहे. त्याच्या ओट्यावर बसून, त्याच्या वडिलांच्या देखत सगळं सांगणार. तो शिव्या देईल, हाकलून देईल — देऊ दे. माफी मागायला नाही, त्याला एक गोष्ट कळावी म्हणून जातोय. दत्ता माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा, आणि हे त्याला अजून माहीत नाही.