खाटीक आजोबांचं पिठाचं मटण

नातीनं मांस सोडल्यापासून निवृत्त खाटीक आजोबा दर रविवारी तिच्यासाठी पिठाचं मटण करत. कणकेचा गोळा पिठूळपणा जाईपर्यंत पाण्यात धुवायचा आणि उरलेला चिवट लगदा मसाल्यात शिजवायचा. त्या दिवशी झाकण काढताच त्यांना ओळखीचा वास आला.

"यात हाडांचं पाणी कुणी घातलं?"

"मी," त्यांची धाकटी बहीण हसली. "जरा चव येईल. पोरीला काय कळतंय?"

आजोबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीस वर्षं मटण विकलं, पण एक सांगून दुसरं कुणाच्या पिशवीत घातलं नाही!"

त्यांनी भरलं पातेलं मोरीत ओतलं आणि पिठाचा डबा बहिणीपुढे आदळला. "मळ आता!"

ती गाल फुगवून मळत बसली. जेवण दोन तास लांबलं, पण आजोबांचा पारा उतरला नाही.