गाडी, ड्रायव्हर आणि दत्तूचे मागचे टायर

पंक्चरच्या दुकानात जुन्या ट्यूबा साठतात, तसे किस्सेही साठतात. खिळ्याला एक टांगली, तिच्यावर दुसरी, असं करता करता एक दिवस खिळाच दिसेनासा होतो. फेकायला म्हणून काढावी तर प्रत्येकीत एखाद्या पॅचपुरतं चांगलं रबर निघतंच. मग परत टांगायची. त्यातले आमच्या रविवारच्या मोटार रेसचे किस्से तेवढे आज खाली काढतो. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं ती. शांती नगरच्या तोंडाशी माझं पंक्चरचं दुकान होतं.

माझ्या मुलीने मोठा टीव्ही घेतला, तिचा जुना माझ्या दुकानात आला आणि टीव्हीच्या मागोमाग तिघं जण आले. दत्ताराम घाग, म्हणजे आमचा दत्तू, संगमेश्वरकडचा. शांती नगरातली मुलं शाळेत नेणारी व्हॅन तो चालवायचा. व्हॅन मालकाची, हात दत्तूचे. दुसरा इनास, उत्तनचा, मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. तिसरा जिग्नेश, शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. हा कॉम्प्युटरवरून कागद काढून आणायचा. खुर्ची दुकानात एकच, ती माझी. बाकीच्यांनी टायरच्या चळतीवर बसायचं.

भांडण वर्षानुवर्षं एकच. रेस कोण जिंकतं, गाडी की ड्रायव्हर? दत्तू म्हणायचा ड्रायव्हर. इनास म्हणायचा गाडी. जिग्नेश म्हणायचा सेटअप. तिकडे ऊन असलं तर भांडण थोडक्यात आटपायचं. तिकडे पाऊस लागला की इकडे आटपायचं नाही.

* * *

अशाच एका पावसाच्या रेसला माझ्याकडे एक स्कूटरवाला आला होता. मागचं चाक बसलेलं. मी ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यात फिरवून बुडबुडे बघत होतो. तेवढ्यात टीव्हीवर लाल गाडी आत आली. माणसं धावली, चारही टायर बदलले, पेट्रोल भरलं, गाडी गेलीसुद्धा.

स्कूटरवाल्याने घड्याळ बघितलं. म्हणाला, "काका, बघा. चार टायर, आठ सेकंद. तुमचं एक पंक्चर, अर्धा तास."

मी म्हटलं, "त्यांच्याकडे वीस माणसं आहेत हो. माझ्याकडे तुम्ही एकटे, आणि तुम्हीही बसलाय."

तो उठला. चाक धरायला आला बिचारा.

* * *

टीव्हीत पावसाचे टायर जवळून दाखवले की मी पुढे सरकून बघायचो. इतक्या खोल खाचा मी आमच्याकडच्या ट्रकलाही पाहिल्या नव्हत्या. इनासने विचारलं, "नाना, यवढ्या खाचा कशाला रं?"

मी सांगितलं, टायरखालच्या पाण्याला बाहेर पडायला वाट लागते. वाट नसली तर टायर पाण्यावर चढतो. मग ब्रेक दाबा नाहीतर देवाचं नाव घ्या, गाडी ऐकत नाही. माझी परीक्षा साधी होती. आगपेटीतली काडी उलटी करायची, गुल खाली, आणि टायरच्या खाचेत उभी करायची. गुल बुडालं तर टायर पावसाचा. गुल वर राहिलं तर टायर उन्हाळ्याचा.

"आनि काडी उभीच न्हाय राहिली त?" इनास म्हणाला.

"मग तो टायर माझ्या दुकानात. बसायला."

 थोड्या वेळाने दत्तू माझी आगपेटी घेऊन बाहेर गेला. त्याची व्हॅन समोरच उभी होती. परत येऊन आगपेटी माझ्यापुढे ठेवली.

"काय रं, गुल बुडाला का?" इनासने विचारलं.

"काडी ओली होती," दत्तू म्हणाला. "उभी राहिली नाही."

रेस संपल्यावर मी जाऊन बघितलं. मागचे दोन्ही टायर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत. मी म्हटलं, "दत्तू, हे बदलून घे. पोरं बसतात आत."

"शेठला सांगितलंय नाना. गणपती झाले की बघू म्हणाले."

तेव्हा आषाढ चालू होता. मी म्हटलं, "आणि तोवर?"

"तोवर मी आहे ना."

* * *

दत्तू रेस बघायचा, पण स्वतः कधी ताशी तीसच्या वर गेला नाही. सायकलवाले त्याला मागे टाकायचे. वळणावर तर असा वळायचा, जशी गाडीत पाण्याने भरलेली घागर ठेवलीय.

व्हॅनमध्ये कदमबाईंची मुलगी जायची. एकदा बाई स्कूटीत हवा भरायला आल्या तर दत्तू इथेच बसलेला. बाई म्हणाल्या, "दत्तूकाका, रागावू नका, पण जरा भरभर चालवा की. हिची प्रार्थना रोज चुकते. मी तुमच्या शेठकडेही तक्रार केलीय."

इनासला हसू आवरेना. "बाय, ह्यो दर आयतवारी रेस बघतो. तरी ह्येचा काय उपयोग न्हाय."

दत्तू शांतपणे म्हणाला, "बाई, त्या टीव्हीतल्यांच्या मागे पोरं बसलेली नसतात."

बाई गेल्या. हवेचे पैसे द्यायला विसरल्या, मीही मागितले नाहीत.

* * *

जिग्नेशचं म्हणणं वेगळं. तो म्हणायचा, "नाना, गाडी पण सेम, ड्रायव्हर पण सेम, तरी एक पुढे जाते, एक मागे राहते. का? सेटअप!" मग कागद उलगडायचा. मागचा पंख किती वाकवायचा, गाडी जमिनीपासून किती उचलायची, हवा किती ठेवायची. मला वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे समजायचे, कारण आकडे मी टायरवर शिकलो.

एका पावसात त्याने स्वतःच्या स्कूटरचा सेटअप करायचं घेतलं. माझ्याकडून पुढच्या चाकात हवा कमी करून घेतली, मागच्यात वाढवून घेतली. मागचे स्प्रिंग कडक करून आणले. मी म्हटलं, "अरे, तुला दूध आणायला जायचंय ना?" तो म्हणाला, "नाना, प्रिन्सिपल सेम आहे."

अर्ध्या तासाने स्कूटर ढकलत परत आला. गुडघाभर पाण्यातून घातली होती, बंद पडली. नखशिखान्त भिजलेला. दुधाची पिशवी मात्र शाबूत.

दत्तू आणि इनास त्याचीच वाट बघत होते. दत्तूने विचारलं, "काय रे जिग्नेश, कोणाची चूक? गाडी की ड्रायव्हर?"

जिग्नेशने स्टँड लावला, डोळ्यांवरचं पाणी पुसलं.

"रस्ता," म्हणाला.

* * *

एक रेस मला विसरता येत नाही. तिकडे धो धो पाऊस. लालवाला पुढे, चंदेरीवाला मागे. ड्रायव्हरांची खरी नावं आमच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून आम्ही त्यांना रंगावरून हाक मारायचो. दत्तू लालच्या बाजूने, कारण त्या ड्रायव्हरचा हात हलका. इनास चंदेरीच्या बाजूने, कारण तिचं इंजिन दमदार. तासभर नुसती जुंपली. शेवटच्या चार फेऱ्या राहिल्या आणि केबल गेली.

दोघांनी जागा सोडली नाही. काळ्या पडद्याकडे बघत भांडले. दत्तू म्हणे लाल आला असणार. इनास म्हणे आता चंदेरी खेचणार, बघंस तू. जिग्नेशने केबलवाल्याला फोन लावला. तो शिडी घेऊन आला, आमचं ऐकून घेतलं, म्हणाला, "अरे, ही रेस गेल्या वर्षीची आहे. आज रेस नाहीच. रिपीट लावलाय."

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. गेल्या वर्षी याच टायरवर बसून हीच रेस आम्ही बघितली होती. लाल जिंकली होती. इनासने तेव्हा आठवडाभर तोंड दाखवलं नव्हतं.

दत्तू म्हणाला, "इनास, त्याच रेसला दोनदा हरलास तू."

इनास जराही ओशाळला नाही. "मना वाटला, आवंदा सुदरंल."

* * *

मग श्रावण आला. त्या सकाळी रिपरिप होती, रस्त्यावर पाण्याचा पातळ थर. वळणावर एक रिक्षा आडवी घुसली, दत्तूने ब्रेक दाबला आणि व्हॅनची मागची बाजू फिरली. दुभाजकावर जाऊन थांबली. आत नऊ मुलं. देवाची कृपा, कोणाला खरचटलंही नाही. कदमबाईंच्या मुलीचा डबा सांडला तेवढाच. मुलांना दुसऱ्या गाडीने घरी सोडलं आणि व्हॅन ढकलत माझ्या दुकानासमोर आणली. एका चाकाची रिंग वाकली होती.

थोड्या वेळाने मालक आले. पाठोपाठ कदमबाई. जिग्नेश आपलं दुकान सोडून आला. इनासही होता, होडीच्या कडेला बांधायला जुने टायर न्यायला उत्तनहून आला होता. एक टायर त्याच्या खांद्यावरच होता.

मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "दत्तू, उद्यापासून येऊ नकोस. रविवारभर इथे रेस बघतोस, ती डोक्यात गेलीय. पोरांची गाडी काय पळवायला दिलीय तुला?"

दत्तूच्या घरात तो एकटा मिळवता. बायको आणि म्हातारी आई. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मालकालाही. दत्तू खाली बघत होता.

कदमबाई म्हणाल्या, "शेठ, तुमच्याकडे मी ह्यांची तक्रार केली होती, आठवतंय? हळू चालवतात म्हणून." मग दत्तूकडे वळल्या. "काका, खरं सांगा. माझी मुलगी होती आत. चूक कोणाची? गाडीची की तुमची?"

आम्ही तिघेही दत्तूकडे बघत राहिलो. हा प्रश्न आमच्या दुकानात शेकडो वेळा विचारला गेला होता, पण असा नाही.

दत्तू म्हणाला, "ड्रायव्हरची."

इनासने खांद्यावरचा टायर खाली टाकला. "आरं, आज तरी गाडी म्हन."

"कशी म्हणू? टायर असे आहेत हे मला आषाढापासून ठाऊक होतं. ठाऊक असून गाडी मी काढली. टायरने नाही काढली."

 मला बोलणं लवकर जमत नाही. मी खिशातली आगपेटी काढली, एक काडी कदमबाईंच्या हातात दिली आणि म्हटलं, "बाई, ही ह्या मागच्या टायरवर उलटी उभी करून दाखवा."

बाई पावसात उकिडव्या बसल्या. काडी ठेवली, पडली. जरा पलीकडे ठेवली, पडली. मग टायरवरून तळहात फिरवला आणि हात तसाच धरून मालकाकडे बघितलं.

मालक म्हणाले, "मी बदलणारच होतो. गणपती झाले की."

"माझी मुलगी गणपतीच्या आधीही शाळेत जाते," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या, पदराने हात पुसला. "शेठ, व्हॅनला चार नवे टायर आणि ड्रायव्हर हेच. नाहीतर आमच्या सोसायटीची पाच मुलं उद्यापासून चालत जातील." आणि दत्तूला म्हणाल्या, "आणि काका, पुन्हा असे टायर दिसले तर गाडी काढायची नाही. आम्हाला फोन करायचा."

दत्तूने मान हलवली.

मालक व्हॅनभोवती एक चक्कर मारून आले. मग मला म्हणाले, "नाना, किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, "माणसं किती लावता त्यावर आहे."

जिग्नेशने जॅक उचलला. इनासने पाना घेतला. रिंग ठोकून सरळ करायची होती, टायर आणायचे होते, तरी त्या दिवशी चार टायर आम्ही दुपारपर्यंत चढवले. दत्तूने प्रत्येकात काडी उभी करून बघितली. चारही वेळा गुल बुडालं.

* * *

पुढच्या रविवारी तिकडे परत पाऊस होता. आम्ही चौघं नेहमीसारखे बसलो होतो. रेस सुरू झाली आणि दारात व्हॅनचे मालक. पूर्वी कधी आले नव्हते. दत्तूकडे न बघता म्हणाले, "म्हटलं, बघू तरी तुम्ही काय बघता ते."

दत्तू सरकायला लागला. इनासने त्याला हाताने बसवलं. कोपऱ्यात एक नवी चळत होती, दोन गुळगुळीत टायरची. त्या आठवड्यातच लावलेली. इनासने ती पुढे ओढली, खांद्यावरच्या रुमालाने वरून पुसली.

"बसा शेठ," म्हणाला. "पन जरा जपून. त्येच्यावरना घसराया व्हतं."